दंतकथेतील द्रव्य आणि दुकानातील द्रव्य

काष्ठौषधींच्या दुकानात बसणाऱ्या प्रत्येकास एक ग्राहक परिचयाचा असतो. तो अश्वगंधा, शतावरी किंवा बेहडा मागावयास आलेला नसतो. इतर गिऱ्हाइके निघून जाईपर्यंत तो थांबतो आणि मग आवाज उतरवून विचारतो, ‘हाताजोडी मिळेल का?’ कोणी ‘कोल्ह्याचे शिंग’ मागतो, तर कोणी ‘इंद्रजाल’. या मागणीमागे बहुधा काहीतरी दुःख असते. कोठे न्यायालयात रखडलेला दावा असतो, कोठे बुडालेला धंदा, तर कोठे रिकामा पाळणा. अशा माणसास ‘नाही’ म्हणणे सोपे आहे. परंतु ‘का नाही’ हे त्याच्या श्रद्धेचा उपमर्द न करता सांगणे अवघड आहे. त्याहून अवघड गोष्ट अशी की, ‘का नाही’ याचे नेमके उत्तर आपल्यापैकी अनेकांपाशीही तयार नसते.

प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नाकडे थोड्या दुरून पाहू इच्छितो. वनस्पतींभोवती गुंफलेले मंत्रतंत्र, विधी आणि दंतकथा ही केवळ आपल्या देशाची मिरास नव्हे. ग्रीस, पॅलेस्टाईन, इजिप्त, युरोप अशा सर्वत्र ती आढळतात आणि त्यांचा इतिहास औषधविक्रेत्यास पुष्कळ काही शिकवून जातो.

मुळी खणण्याचे विधी

इसवी सनापूर्वी चौथ्या-तिसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक पंडित थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य. वनस्पतींवरील आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात त्याने मुळ्या खणून विकणाऱ्या लोकांच्या चालीरीती नोंदवून ठेवल्या आहेत. मॅन्ड्रेक नावाची वनस्पती खणताना तिच्याभोवती तलवारीने तीन वर्तुळे काढावीत, पश्चिमेकडे तोंड करून मुळी कापावी, दुसरा तुकडा कापताना भोवती नाचावे आणि प्रेमविषयक गोष्टी बोलाव्यात, असा त्यांचा प्रघात होता. पिओनी नावाचे झाड रात्रीच खणावे, दिवसा खणल्यास सुतारपक्षी डोळे फोडतो, अशीही समजूत होती.

थिओफ्रास्टसचे वैशिष्ट्य असे की, त्याने हे सारे एका फटक्यात फेटाळले नाही. थाप्सिया या वनस्पतीचा चीक अंगावर सूज आणतो. म्हणून ती खणताना अंगास तेल लावावे व वारा पाठीशी घेऊन उभे राहावे, या सूचनेत त्याला तथ्य दिसले. पक्षी, वर्तुळे आणि नाच यांस मात्र त्याने ओढूनताणून जोडलेल्या गोष्टी मानले. विधीच्या पोटात दडलेला अनुभव आणि विधीवर चढलेली पुटे यांचा असा विवेक सुमारे २३०० वर्षांपूर्वी एका निरीक्षकाने केला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्या परंपरेतही हे दोन्ही पदर शेजारी शेजारी दिसतात. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधिसंग्रह करणाऱ्याने शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्रे नेसून, देवतापूजन व उपवास करून, पूर्वेस अथवा उत्तरेस तोंड करून द्रव्य घ्यावे, असे सांगितले आहे. त्याच प्रकरणात मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद व क्षीर शरदात, आणि सार हेमंतात घ्यावे, असा कालनियमही आहे. भूमी कशी असावी, वनस्पती कीड व आगीपासून मुक्त कशी असावी, याचे विवेचन आहे. पहिला भाग संग्राहकाच्या मनाची शुद्धी पाहतो, दुसरा द्रव्याच्या वीर्याची. पहिल्याने दुसऱ्याची जागा घेतलेली नाही, हे आपण ध्यानात ठेवावयास हवे.

रूपाची किंमत

मॅन्ड्रेकची कथा पुढे पाहण्यासारखी आहे. ही भूमध्य सागराच्या परिसरातील वनस्पती आपल्या धोत्र्याच्या व खुरासानी ओव्याच्या कुळातील आहे. हायोसायमीन, हायोसीन, ॲट्रोपीन ही अल्कलॉइड द्रव्ये तिच्यात असतात. पहिल्या शतकातील डायोस्कोरिडीज या वैद्याने, शस्त्रकर्म किंवा डाग देण्यापूर्वी रुग्णास तिच्या मुळीचे मद्य देण्याची रीत वर्णिली आहे. म्हणजे द्रव्य खरोखरच वीर्यवान होते आणि तितकेच विषारीही होते.

तथापि, लोकांच्या मनात तिची कीर्ती झाली ती निराळ्याच कारणाने. तिची जाड मुळी खाली दुभंगते आणि कल्पनेचे थोडे साहाय्य घेतल्यास दोन पायांच्या माणसासारखी दिसते. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात संतानाची आस लागलेली राहेल आपल्या बहिणीकडे याच वनस्पतीची फळे मागते. पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस याने आजच्या जॉर्डनमधील माखेरस किल्ल्याजवळच्या एका मुळीची हकीकत दिली आहे. तिला हात लावणारा मरतो, म्हणून ती कुत्र्यास बांधून उपटावी. माणसाऐवजी कुत्रा मरतो आणि मग ती मुळी भूतबाधा घालविते. पुढे ही कथा मॅन्ड्रेकलाच चिकटली. उपटताना मुळी किंकाळी फोडते व ऐकणारा वेडा होतो किंवा मरतो, अशी तीत भर पडली.

या कथांमुळे मुळीची किंमत तिच्या गुणावरून न ठरता रूपावरून ठरू लागली. मग बाजाराने आपले काम केले. खरे मॅन्ड्रेक उत्तर युरोपात उगवत नाही. तेव्हा काकडीच्या कुळातील ब्रायोनी नावाच्या वेलीची जाड मुळी घेऊन तिला हातपाय कोरावयाचे, डोके व हनुवटी यांच्या जागी जव किंवा बाजरीसारख्या धान्याचे दाणे खोचावयाचे आणि ती पुन्हा मातीत पुरावयाची, असा उद्योग सुरू झाला. दाण्यांना फुटलेले कोंब हे मूर्तीचे केस आणि दाढी! सोळाव्या शतकातील मॅटिओली या इटालियन वैद्याने ही कारागिरी एका भोंदूकडूनच ऐकून लिहून ठेवली. इंग्लंडमध्ये विल्यम टर्नर याने पेट्यांत घालून विकल्या जाणाऱ्या या बाहुल्या बनावट असल्याचे सांगितले. जॉन जेरार्ड याने १५९७ मध्ये आपल्या वनौषधी ग्रंथात, आपण व आपल्या नोकरांनी अशा कित्येक मुळ्या खणल्या आहेत, तरी कोणास काही झाले नाही, असे स्पष्ट केले.

यातून निघणारा निष्कर्ष औषधविक्रेत्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. ग्राहक ज्या वस्तूचे मोल रूपासाठी देतो, त्या वस्तूत गुण असण्याची विक्रेत्यास गरज उरत नाही. तेवढे रूप दिले की काम भागते.

नावाची किंमत

रूपाने जे घडते तेच नावानेही घडते. फारसी-अरबी वैद्यकात ‘मूमिया’ हे खडकांतून पाझरणाऱ्या डांबरासारख्या द्रव्याचे नाव होते. युनानी परंपरेत शिलाजतूस ‘मोमियाई’ म्हणतात, ते याच शब्दामुळे. इजिप्तमधील प्राचीन प्रेतांना लावलेला काळा लेप या द्रव्यासारखा दिसे. म्हणून आधी तो लेप, आणि पुढे तो लेप लावलेली प्रेतेच या नावाने युरोपात औषध म्हणून विकली जाऊ लागली. नाव तेच राहिले. द्रव्य मात्र खडकातून थडग्यात गेले.

याचा शेवट कसा झाला, ते फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रवाझ पारे याने १५८२ मध्ये लिहिलेल्या प्रबंधात आढळते. १५६४ मध्ये एका फ्रेंच वैद्याने अलेक्झांड्रियातील व्यापाऱ्याकडे ‘ममी’चा साठा पाहिला. चौकशी करता असे कळले की, ती प्रेते प्राचीन नसून त्या व्यापाऱ्यानेच गेल्या चार वर्षांत तयार केलेली होती. ती कोणाची होती आणि मृत्यू कशाने झाला होता, याची त्याला फिकीर नव्हती.

शिलाजतूचा व्यवहार करणाऱ्या आपल्या वाचकांस या कथेचे मर्म वेगळे सांगावयास नको. द्रव्य नावावरून विकत घेतले जाते आणि त्या नावाखाली काय भरले आहे हे कोणी पाहत नाही, तेव्हा घात ठरलेलाच असतो.

वनस्पतींच्या बाबतीत ‘लक्ष्मणा’ हे याचे आपल्या घरचे उदाहरण होय. संतानदायिनी म्हणून ग्रंथांत गौरविलेली ही वनस्पती आज संदिग्ध आहे. श्वेतपुष्पी कंटकारीस हा पर्याय निघंटूंत दिलेला आहे, तर काही आधुनिक ग्रंथकारांनी चक्क मॅन्ड्रेकलाच लक्ष्मणा ठरविले. माणसासारखे रूप आणि संतानाची आस या दोन धाग्यांनी राहेलची मुळी आणि आपली लक्ष्मणा अशा एकत्र बांधल्या गेल्या. परंतु एक कंटकारी आणि दुसरी तीव्र विषारी, यांत रुग्णाच्या दृष्टीने केवढे अंतर आहे, हे वैद्यांस सांगण्याचे कारण नाही.

कथेची किंमत

तिसरे उदाहरण ‘बेझोआर’चे. रानबोकडासारख्या प्राण्यांच्या कोठ्यात तयार होणारा हा खडा. त्याचे फारसी नाव ‘पादजहर’, म्हणजे विषाचा प्रतिकार करणारा. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. सतराव्या शतकात गोव्यातीलच गास्पार अंतोनियो नावाच्या जेझुइट बंधूने कस्तुरी, अंबर, पोवळी, मोती इत्यादींचे कृत्रिम गोळे बनविले. ‘गोव्याचे खडे’ म्हणून ते युरोपात गाजले. धनिक लोक ते सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवीत आणि पेयात किंचित खरवडून घेत.

या कथेची परीक्षाही पारे यानेच घेतली. फ्रान्सचा राजा नववा चार्ल्स यास कोणी तरी बेझोआर भेट दिला होता. चोरीसाठी देहदंड झालेल्या एका स्वयंपाक्याने, फाशीऐवजी विष आणि त्यावर हा खडा घेण्यास संमती दिली. त्याला रसकापूर वर्गातील दाहक विष व नंतर बेझोआर देण्यात आला. अत्यंत यातना भोगून तो सुमारे सात तासांत मरण पावला. असा प्रयोग आज कोणी करणार नाही आणि करूही नये. परंतु ‘सर्व विषांवर’ असा दावा किती महागात पडतो, याची ही जळजळीत साक्ष आहे.

त्यानंतर १६०३ मध्ये इंग्लंडमध्ये एक खटला झाला. एका सोनाराने बेझोआर म्हणून शंभर पौंडांस एक खडा विकला. तो खरा निघाला नाही. खडा बेझोआर आहे असे सोनार म्हणाला होता, पण त्याने तशी हमी दिलेली नव्हती. एवढ्यावरून न्यायालयाने ग्राहकास दाद दिली नाही. ‘घेणाऱ्याने पाहून घ्यावे’ या तत्त्वाचे हे प्रसिद्ध उदाहरण मानले जाते. व्यापाऱ्यास ते सोयीचे असेल. परंतु वैद्यकाच्या व्यवहारात ते कधीच मान्य होणार नाही. आपल्याकडे येणारा माणूस पाहून घेण्याच्या स्थितीत नसतो, म्हणूनच तो आपल्याकडे येतो.

आपल्या गल्ल्यावर

आता सुरुवातीच्या ग्राहकाकडे वळू. ‘हाताजोडी’मध्ये रूप, नाव आणि कथा या तिन्ही गोष्टी एकवटल्या आहेत. जोडलेल्या दोन हातांसारखी ती दिसते, ‘दुर्मिळ मुळी’ असे तिचे नाव सांगितले जाते आणि शेंदूर लावून डबीत ठेवल्यास धन व यश येते, अशी तिची कथा आहे. ती वाघनखी ऊर्फ विंचू या वनस्पतीची मुळी असल्याचे विक्रेते सांगतात. मुळात वाघनखी ही मेक्सिको व मध्य अमेरिकेकडची वनस्पती असून आपल्याकडे मागाहून पसरलेली आहे. तेव्हा तिच्याविषयी अतिप्राचीन तांत्रिक परंपरेचा हवाला देणे तर्कास धरून नाही.

परंतु खरी गोष्ट याहून वाईट आहे. २०१७ मध्ये वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन ही संस्था, ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि त्यांचे सहकारी यांनी केलेल्या तपासात उघड झाले की, ‘हाताजोडी’ म्हणून विकली जाणारी वस्तू मुळी नसून नर घोरपडीचे वाळविलेले जननेंद्रिय आहे. जिवंत प्राण्याचा हा अवयव कापून काढला जात असल्याचेही त्यात समोर आले. काही नमुने तर निव्वळ साच्यातून काढलेले प्लॅस्टिक होते. म्हणजे मॅन्ड्रेकच्या जागी ब्रायोनी आली, तसा येथे बनावटीच्याही जागी दुसरा बनाव आला!

‘इंद्रजाल’ म्हणून चौकटीत बसवून भिंतीवर लावली जाणारी ‘वनस्पती’ ही वनस्पती नसून समुद्रातील पंख्याच्या आकाराचे प्रवाळ असते. कोल्ह्यास शिंग नसते, हे तर शाळकरी मुलासही ठाऊक आहे. त्या नावाने विकला जातो तो कातडे व केस यांचा गुंडाळलेला पुंजका.

येथे कायद्याचा प्रश्न उभा राहतो. घोरपड आणि हे समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांचे अवयव विकणेच नव्हे, तर बाळगणे हाही गुन्हा आहे. त्यासाठी किमान तीन व कमाल सात वर्षे कारावासाची तरतूद असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान पंचवीस हजार रुपये झाला आहे. ‘आम्हांस मुळी म्हणून मिळाली’ या सबबीवर कोणी विसंबू नये. घोरपडीच्या तेलासही हेच लागू आहे. शिवाय, १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने रोग बरे करण्याचा दावा करणाऱ्या ताईत, मंत्र, कवच आदींच्या जाहिरातीस मनाई केली आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी अधिनियमही आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे, हा त्याखाली अपराध ठरतो.

‘प्रभाव’ कोणाचा?

यावर आपल्याच क्षेत्रातून एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेणे आवश्यक आहे. ‘रस, वीर्य, विपाक यांनी ज्याची उपपत्ती लागत नाही, तो प्रभाव. मणिधारणाचे कर्मही चरकाचार्यांनी प्रभावजन्यच मानले आहे. मग हाताजोडीच्या बाबतीत एवढा आग्रह कशासाठी?’ हा युक्तिवाद आम्ही चर्चासत्रांतूनही ऐकला आहे.

त्याचे उत्तर शास्त्रातच आहे. प्रभाव हा द्रव्याच्या आश्रयाने राहतो. दंती आणि चित्रक यांचे रस, वीर्य, विपाक समान असता दंती विरेचन करते व चित्रक करीत नाही, हे सांगता येते, कारण दंती ही दंती आहे व चित्रक हा चित्रक आहे, याबद्दल संशय नाही. जेथे द्रव्याचीच ओळख खोटी आहे, तेथे प्रभाव कोणाचा मानावयाचा? घोरपडीचा की प्लॅस्टिकचा? प्रभाव ही संकल्पना अनुभवाने सिद्ध झालेल्या कर्माचे नाव आहे. अज्ञान झाकण्याचे पांघरूण नव्हे.

चिकित्सेचे दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय असे तीन भेद आचार्यांनी केले, त्यात दैवव्यपाश्रयास स्थान आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दैवव्यपाश्रयात जप, होम, उपवास, नियम यांसाठी रुग्णास स्वतः काहीतरी आचरावे लागते. डबीत बंद केलेली वस्तू विकत घेऊन ते साधत नाही. चरकसंहितेच्या आरंभी असेही म्हटले आहे की, गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी लोक वनस्पती नावाने व रूपाने ओळखतात. पण नाव आणि रूप यांच्या पलीकडे जाऊन जो तिचा योग जाणतो, तोच खरा जाणकार. नाव आणि रूप यांपाशीच थांबल्याने काय होते, हे वरील तीनही उदाहरणांनी दाखविले आहे.

आपले कर्तव्य

मग त्या ग्राहकास काय सांगावे? आमचे मत असे की, त्यास हसू नये आणि झिडकारूही नये. ‘ही मुळी नाही, प्राण्याचा अवयव आहे, हिच्यापायी तुम्हीही अडचणीत याल आणि आम्हीही’ एवढे स्पष्ट व शांतपणे सांगावे. बहुतेक लोकांस ही गोष्ट खरोखरच ठाऊक नसते. देवाधर्माचे म्हणून घरात ठेवावयाची वस्तू एका मुक्या जीवाचा असा अवयव आहे, हे कळल्यावर श्रद्धाळू माणूस स्वतःच मागे सरतो. आणि आवाज उतरवून बोलणाऱ्या त्या माणसास दोन मिनिटे बसवून घेतले, तर पुष्कळदा मागणीमागचा खरा प्रश्न बाहेर येतो. निद्रानाश असेल, अपत्यहीनता असेल किंवा मनाचा खचलेपणा असेल. त्यासाठी वैद्य आहे, तज्ज्ञ आहे आणि सत्त्वावजयही आहे.

पूजासाहित्याबरोबर किंवा घाऊक व्यापाऱ्याच्या गोणीतून असा माल आपल्या कपाटात नकळत येऊन बसला आहे काय, हे प्रत्येकाने पाहावे. तो आढळल्यास परत पाठविण्याच्या किंवा फेकून देण्याच्या फंदात न पडता वनखात्यास कळवावे. संशयित वस्तू ‘तपासून पाहू’ म्हणून विकत घेऊ नये, कारण बाळगणे हाच गुन्हा आहे. गोरोचन, कस्तुरी, शिलाजतू यांसारख्या ज्या द्रव्यांना औषधी मूल्यही आहे आणि दंतकथेचे वलयही आहे, त्यांच्या बाबतीत तर दुप्पट सावध राहावे. जेथे वलय मोठे, तेथे भेसळ हमखास.

मॅटिओलीच्या काळी युरोपातील औषधविक्रेत्यांपुढे दोन मार्ग होते: कोरीव बाहुली विकावी, किंवा ही ब्रायोनी आहे असे सांगावे. बाहुली विकणाऱ्यांनी पैसा मिळविला असेल. पण वनौषधिशास्त्राच्या इतिहासात नावे राहिली ती सांगणाऱ्यांची. गल्ल्यावर आवाज उतरवून विचारणारा माणूस आपल्यापुढे रोज हेच दोन मार्ग ठेवीत असतो.